तंबाखूच्या पाकिटातली बेसबॉल कार्डं: पहिली कुणाची, आणि ओळखायची कशी?

पानसुपारी
१८८०च्या दशकात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची कार्डं मिळायची. पहिली कार्डं कुणाची, याची दोन उत्तरं वाचायला मिळतात: न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीची ‘ओल्ड जज’, नाहीतर व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटरची. पहिली तपकिरी फोटोसारखी दिसतात, दुसरी झकास रंगीत. काळ एकच, धंदा एकच, मग एवढा फरक का? आणि या मालिकांना लावतात ते एन१७२, एन२८ असे क्रमांक त्या कंपन्यांनीच दिलेत का?

शिळाछाप
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. क्रमांक कंपन्यांचे नाहीत. सिरॅक्यूजच्या जेफरसन बर्डिक या संग्राहकाने विसाव्या शतकात कार्डांची सूची केली, त्यातले आहेत. एन म्हणजे एकोणिसावं शतक, टी म्हणजे त्यानंतरची तंबाखूची कार्डं. होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं प्रसिद्ध कार्ड टी२०६ मधलं, म्हणजे १९०९ ते १९११च्या मालिकेतलं. ते या धाग्यात येतच नाही.

पहिला मान गुडविनला. १८८६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क संघाच्या खेळाडूंची रेखाचित्रं असलेली छोटी मालिका काढली (एन१६७). ॲलन अँड गिंटरची ‘वर्ल्ड्‌स चॅम्पियन्स’ (एन२८) १८८७ची. तिच्यात ५० कार्डं, पण बेसबॉलवाले फक्त १०. बाकी मुष्टियोद्धे, पैलवान, वल्हेकरी, बिलियर्डवाले आणि नेमबाज. ॲनी ओकली आणि बफेलो बिल हे प्रसिद्ध नेमबाजही त्यातच.

कार्ड मुळात कशाला? पाकीट मऊ कागदाचं असायचं. खिशात वाकलं की सिगारेटी चेपायच्या, म्हणून आत ताठ पुठ्ठा. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून चित्र आणि जाहिरात. पण एवढ्यावर शेकडो कार्डांच्या मालिका निघाल्या नसत्या. हाताने वळणारी कामकरीण मिनिटाला चारेक सिगारेटी वळायची. बॉन्सॅकच्या सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट १८८१चं. डरहॅमच्या ड्यूक या सिगारेट कारखानदाराने ते १८८४ मध्ये कारखान्यात चालवून दाखवलं, दिवसाला साधारण १,२०,०००! एवढा माल खपवायचा कसा? सगळ्यांच्या सिगारेटी जवळजवळ सारख्याच, तेव्हा गिऱ्हाईक बांधून ठेवायचं ते अपुऱ्या मालिकेने. ॲलन अँड गिंटरच्या कार्डामागे मालिकेतल्या नावांची यादी छापलेली असते, ती याचसाठी.

पुढे १८९० मध्ये ड्यूक, ॲलन अँड गिंटर, किनी, गुडविन आणि किंबॉल या पाचही कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत एक झाल्या. स्पर्धाच संपली, मग कार्डांवर पैसे कोण घालवणार?

हायपो
फरकाचं कारण छपाईत आहे. ॲलन अँड गिंटर म्हणजे रंगीत शिळाछाप. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि छटेसाठी दगडावर हाताने दिलेले ठिपके. चित्र देखणं, पण एका खेळाडूमागे खर्च आणि वेळ मोठा. म्हणून नामवंत तेवढेच निवडले.

ओल्ड जज (एन१७२, १८८७ ते १८९०) खरेखुरे फोटो आहेत. अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेला पातळ कागद, सिल्व्हर नायट्रेटने संवेदनशील केलेला. काचेच्या निगेटिव्हखाली उन्हात छापायचा, मग पुठ्ठ्यावर चिकटवायचा. आकार दीड इंचाला जरा कमी × अडीच इंच. एकदा निगेटिव्ह झाली की नवा खेळाडू घालणं स्वस्त, म्हणून ५०० हून अधिक खेळाडू आणि दोन हजारांवर वेगवेगळी कार्डं झाली. बरेचसे फोटो ब्रुकलिनच्या जोसेफ हॉलच्या स्टुडिओतले. तेव्हाच्या कॅमेऱ्यात उडता चेंडू पकडणं अवघड, म्हणून चेंडू दोऱ्याने टांगलेला! नीट पाहिलं तर कित्येक कार्डांवर दोरा दिसतो, मागे रंगवलेला पडदा आणि घसरत येणारा खेळाडू चक्क स्टुडिओच्या फरशीवर. मला तरी ही कार्डं रंगीत मालिकेपेक्षा जास्त आवडतात.

खेळाडूने संघ बदलला की फोटो तोच, नाव-गावाची ओळ नवी. त्यामुळे साल ठरवताना आधी ओळीतला संघ बघा. किंग केली या खेळाडूला शिकागोने १८८७ मध्ये बोस्टनला १०,००० डॉलरला विकलं, तर त्याच्या कार्डावर ‘१०,००० डॉलरचा केली’ असंच आलं.

पानसुपारी
हे छानच. अस्सल-नक्कल घरी कशी बघायची? आणि वहीत चिकटवलेली कार्डं पाण्यात भिजवून सोडवतात म्हणे?

दहापट भिंग
आधी १०× भिंग. ओल्ड जजमध्ये ठिपके दिसताच कामा नयेत. छटा सलग, कागदाचे तंतू थराखालून दिसतात, कधी बारीक भेगाही. शिळाछापीत ठिपके असतात, पण वेडेवाकडे, हाताने दिलेले. ठिपके ओळीने किंवा फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलात दिसले तर ते आधुनिक ऑफसेट छपाईचं पुनर्मुद्रण, विषय संपला.

मग अंधारात अतिनील टॉर्च. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच कागदांत उजळपणाची रसायनं असतात, ती निळसर-पांढरी चमकतात. मात्र कार्ड चमकलं नाही म्हणून अस्सल ठरत नाही. जुन्या वहीचा पुठ्ठा वापरून केलेली नक्कलही चमकत नाही.

ओल्ड जजची मागची बाजू कोरी असते, हे लक्षात ठेवा. फिकट पिवळेपणाला घाबरू नका. हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) नीट धुतला गेला नाही आणि दमट हवा लागली की चांदीची प्रतिमा उडते, उजळ भाग पिवळे पडतात. उलट, सगळीकडे सारखाच गडद तपकिरी रंग दिसला तर मी जास्त संशय घेईन.

१८९५च्या ‘मेयो कट प्लग’ या तंबाखूच्या (रिचमंड, ४८ कार्डं) मालिकेची अडचण निराळी. कार्डाची चौकट काळी, त्यामुळे कडा घासली की पांढरं उघडं पडतं. विकणारे ते शाईने भरतात. टॉर्चखाली ती शाई बाकीच्या काळ्यापेक्षा वेगळी दिसते. कडाही भिंगाने तपासा. कापून सरळ केलेलं कार्ड मापात भरत नाही.

भिजवायचं तर फक्त शिळाछापी कार्ड, तेही स्वच्छ कोमट पाण्यात. गोंद सुटेपर्यंत ओढू नका, नाहीतर मागच्या यादीचा कागद वहीतच राहतो. निघालं की शोषकागदात ठेवून वजनाखाली सुकवा. ओल्ड जजला पाणी लावूच नका. अंड्याचा थर आणि पुठ्ठा वेगवेगळे फुगतात, फोड येतात, कधी फोटोच पुठ्ठ्यावरून सुटतो. वहीचं पान कार्डाभोवती कापून घ्या आणि तसंच राहू द्या.