'हायलाइट जळले' की 'अतिउद्भासित झाले'?

झरोका
कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेच्या अनुवादात अडलंय. 'आकाश क्लिप झालं', म्हणजे फोटोतला हा सर्वांत उजळ भाग (हायलाइट) तपशील जाऊन कोरा पांढरा झाला, याला 'आकाश जळलं' लिहिलं होतं. तपासणीत ते काटून 'अतिउद्भासित झालं' असं आलं. बोलताना सगळे 'जळलं'च म्हणतात. काय ठेवावं?

लालदिवा
दोन्ही नको. अतिउद्भासित म्हणजे प्रकाश जास्त पडला, एवढंच. क्लिप होणं हा त्याचा परिणाम. आणि डार्करूममध्ये 'बर्न करणं' नेमकं उलटं: प्रिंटला १२ सेकंद दिले, तर बाकीचा भाग पुठ्ठ्याने झाकून ढगांना आणखी १२ द्यायचे, म्हणजे एक स्टॉप (दुप्पट प्रकाश) जास्त. पुठ्ठा हलता ठेवायचा, नाहीतर कडेची रेघ उमटते. कागद तिथे गडद होतो. निगेटिव्हमधले 'जळलेले' ढग बर्न करूनच परत आणतात, आता बोला!

शब्दांकुर
'जळणे' ज्वल् धातूवरून, आणि 'उजळ' हा 'उज्ज्वल'वरून, म्हणजे उत् + ज्वल्. मूळ एकच. पांढराफटक पडण्याला 'जळणे' शोभतंच की.

लालदिवा
व्युत्पत्ती झकास, पण सेन्सरला ती ठाऊक नाही. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० साली फिल्मचा जो वक्र (किती प्रकाशाला किती काळेपणा, याचा आलेख) मांडला, त्याला वर खांदा असतो. तिथे प्रकाश वाढला तरी निगेटिव्हवरचा काळेपणा हळूहळूच वाढतो, म्हणून ढगांतले फरक दबतात पण उरतात. सेन्सरचा पिक्सेल भांड्यासारखा: प्रकाश दुप्पट, इलेक्ट्रॉन दुप्पट, काठापर्यंत असंच. पुढचं सांडलं. १४ बिटांच्या फाइलीत १६,३८३ ला आकडा थांबतो. मग स्लायडर कितीही ओढा, सपाट राखाडी डागच मिळतो. 'काठोकाठ भरला' म्हणा.

मुद्रितशोधक
पुस्तिकेत 'पिक्सेल काठोकाठ भरला'? शास्त्रात शब्द आहे: संपृक्त.

झरोका
'संपृक्त' रंगांसाठी आधीच वापरलाय, सॅच्युरेशनच्या पानावर. लाल फुलात लाल चॅनल आधी भरतो, तेव्हा एकाच वाक्यात दोन्ही संपृक्त येतील.

मोकळीवाट
'क्लिप' ठेवा आणि मोकळे व्हा. 'उद्भासन' (एक्स्पोजर) वाचून कोणी बटण दाबत नाही.

मुद्रितशोधक
मग ओव्हरएक्स्पोज्ड, अंडरएक्स्पोज्ड, सगळी वरात घरात घ्या. अतिउद्भासित-अवउद्भासित ही जोडी किती स्वच्छ आहे!

लालदिवा
जोडी स्वच्छ, पण दोन्ही माध्यमांना सारखीच लावता येत नाही. रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्त दिला तर सावल्या सुधारतातच. स्लाइडला (थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या फिल्मला) तोच स्टॉप दिला की ढगांच्या जागी कोरा पारदर्शक बेस. सेन्सर या बाबतीत स्लाइडचा भाऊ. शिवाय पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) सहसा जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेल्या चित्रावरून काढलेला असतो. तो क्लिप दाखवतो तेव्हा रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलीत) थोडी जागा उरलेली असू शकते. म्हणजे 'जळलं' असं कॅमेरा म्हणतो आणि जळलेलं नसतं.

मोकळीवाट
याच पुस्तिकेत 'आयएसओ वाढवून सेन्सरची संवेदनशीलता वाढवा' असंही आहे का? असेल तर आधी ते काढा.

झरोका
आहे. आयएसओ म्हणजे संवेदनशीलताच ना?

मोकळीवाट
फिल्मची, हो. ४०० च्या फिल्ममध्ये सिल्व्हर हॅलाइडचे कण १०० पेक्षा सहसा मोठे, म्हणून कमी प्रकाशात काम होतं आणि दाणा दिसतो. सेन्सर तोच राहतो, फक्त सिग्नल वाढवला जातो. समजा १०० वर ६०,००० इलेक्ट्रॉनांना आकडा टोकाला जातो, तर २०० वर ३०,००० लाच. म्हणजे आयएसओ वाढवला की आकाश लवकर क्लिप होतं. 'प्रवर्धन' लिहा.

शब्दांकुर
प्रवर्धन? फिल्मवाले तर 'स्पीड' म्हणत. 'गती' का नको?

मुद्रितशोधक
गती शटरची असते. इथे 'द्रुती' हवं.

मोकळीवाट
द्रुती!! 'उद्भासन' परवडलं.