सह्याद्रीतील नव्या वनस्पतींची नावे ग्रीक-लॅटिनमधूनच का घडवावीत?

रानवाटा (धागालेखक) :
शास्त्रीय नावाचा पहिला शब्द वंशाचा आणि दुसरा जातीचा, ही पद्धत कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये पक्की केली. त्याआधीच, १७३७ साली, ‘क्रिटिका बोटॅनिका’ या ग्रंथात त्याने एक दंडक घालून ठेवला होता : ज्या वंशनामाचे मूळ ग्रीक किंवा लॅटिनमध्ये नाही, ते त्याज्य समजावे. हा दंडक त्यालाही पुरता पाळता आला नाही. धोतऱ्याचे ‘दातुरा’ हे नाव उघडच भारतीय आहे. ते ठेवता यावे म्हणून त्याने त्याचा संबंध ‘देणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडला.

मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी आणि रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट या तीन कोकणी वैद्यांनी माहिती पुरवली. या तिघांचे कोकणी भाषेतील प्रशस्तिपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. लिनियसने या ग्रंथाचा मोठा आधार घेतला, पण त्यातील देशी नावांपैकी जी टिकली त्यांतील कित्येकांना दुसऱ्या शब्दाची जागा मिळाली : उदाहरणार्थ, मुरुडशेंगेच्या नावात ‘इसोरा’.

वनस्पतींच्या नामकरणाची आजची आंतरराष्ट्रीय नियमसंहिता असे कोणतेही बंधन घालत नाही. नाव कोणत्याही भाषेतून घेता येते; ते व्याकरणापुरते लॅटिन मानले जाते, एवढेच. म्हणून माझे म्हणणे असे की, सह्याद्रीत यापुढे जी वनस्पती नव्याने नोंदली जाईल, तिचे नाव ती जिथे वाढते तिथल्या माणसांच्या बोलीतून घ्यावे.

कळलावी :
आपण दिलेला इतिहास मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ग्रीक घटकशब्दांना आपण परकेपणाचे लक्षण मानता. मी गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझ्या दृष्टीने ते निरीक्षणाचे लक्षण आहे. आवळ्याच्या वंशाचे नाव ‘फायलँथस’, म्हणजे पान आणि फूल यांची जोडणी. आवळ्याची डहाळी हातात घेऊन पाहा. संयुक्त पानासारख्या दिसणाऱ्या बारीक फांदीवरच फुले लागलेली दिसतात. मुरुडशेंगेचा ‘हेलिक्टेरिस’ हा शब्द पिळलेपणाचा आहे, आणि आपल्या लोकांनीही त्या शेंगेत नेमके तेच पाहिले. पळसाच्या ‘मोनोस्पर्मा’ या जातिनामात त्याच्या शेंगेतील एकुलते एक बी आहे. असे शे-दीडशे घटकशब्द ज्याला येतात, तो विद्यार्थी कधी न पाहिलेल्या झाडाविषयीही काहीतरी जाणून असतो.

आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो व्यक्तिनामांवर घ्यावा. त्याच पळसाचे वंशनाम ‘ब्यूटिया’ हे ब्यूटचा अर्ल या ब्रिटिश उमरावाचे, आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेल्या तामणाचे ‘लागरस्ट्रोमिया’ हे स्वीडनच्या एका व्यापाऱ्याचे. या नावांतून झाडाविषयी काडीचीही माहिती मिळत नाही.

माळरान :
कळलावीताई, ग्रीक शब्द वर्णन करतो हे खरे. पण तो वनस्पतीपाशी टिकेल याची हमी कोण देतो? बाभळीचे उदाहरण मला अजून सलते. ‘अकाकिया’ हे नाव डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नाईलकाठच्या काटेरी झाडासाठी वापरले, आणि ते झाड म्हणजे आपली बाभूळच. पुढे हा प्रचंड वंश एकसंध नाही असे दिसून आल्यावर त्याचे तुकडे करावे लागले. त्यांपैकी जुने नाव कोणाकडे राहावे, हा वाद २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत आला. ते नाव ऑस्ट्रेलियातील जातींना द्यावे, या शिफारशीच्या विरोधात निम्म्याहून अधिक मते पडली. मात्र ती फेटाळण्यासाठी ६० टक्के मते हवी होती, म्हणून ती टिकली. २०११ मध्ये मेलबर्नला तेच कायम झाले.

ऑस्ट्रेलियातील जातींची संख्या फार मोठी आहे आणि त्या सगळ्यांची नावे बदलणे गैरसोयीचे होते, हा युक्तिवाद मला समजतो. तरीही परिणाम असा झाला की, ज्या झाडामुळे तो ग्रीक शब्द वनस्पतिशास्त्रात आला त्या झाडालाच तो गमवावा लागला. बाभूळ आता ‘वाचेलिया निलोटिका’ आहे, आणि हा वाचेल म्हणजे चीनमध्ये असलेला एक इंग्रज धर्मोपदेशक. ग्रीक नाव तटस्थ आणि स्थिर असते, हे ज्यांना शिकवायचे असेल त्यांनी बाभळीखाली उभे राहून शिकवावे.

रानवाटा :
माळरान, आपल्या मुद्द्याला एक जोड देतो. नावे मुळीच बदलता येत नाहीत, असेही आता म्हणता येणार नाही. २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेने आफ्रिकी लोकांना अपमानास्पद असलेल्या ‘काफ्रा’ या शब्दावरून पडलेली २०० हून अधिक नावे बदलण्याचा ठराव केला. आणि बोलीतले नाव वंशाला शोभत नाही, असे वाटत असेल तर कारवी पाहावी. ‘स्ट्रोबिलँथस’ या शंकूसारख्या फुलोऱ्याच्या ग्रीक नावाखालून तिला वेगळे काढून ब्रेमेकाम्प या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये ‘कार्विया’ हा वंश केला. सह्याद्रीच्या उतारांवरचा शब्द थेट वंशनाम झाला आणि शास्त्राचे काहीही अडले नाही.

कळलावी :
कारवीचेच उदाहरण आपल्या विरोधात जाते. पुढील अनेक अभ्यासकांनी ‘कार्विया’ पुन्हा ‘स्ट्रोबिलँथस’मध्ये मिळवला, म्हणजे बोलीतले नावही मतभेदापासून वाचले नाही. शिवाय कोणती बोली घ्यायची? सोनचाफा, हिरवा चाफा, देवचाफा, नागचाफा आणि भुईचाफा या पाच वेगवेगळ्या कुळांतील पाच वनस्पती आहेत. एकच रोप कातकरी, ठाकर आणि कोकणा माणसे वेगळ्या नावांनी ओळखत असतील, तर त्यांतील एक नाव निवडून उरलेल्यांवर लादण्याचा अधिकार नाव देणाऱ्या प्राध्यापकाला कोणी दिला? ग्रीक शब्द निदान या तिघांपैकी कोणाचाच नाही.

आणखी एक अडचण आहे. रोमन लिपीत आणि लॅटिन प्रत्ययात गेल्यावर ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि ज्याच्या तोंडचा शब्द घेतला त्यालाच तो ओळखू येत नाही. लोकांच्या शब्दांविषयी खरी आस्था असेल, तर ते वनस्पतिसंग्रहालयातील प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव आणि समाज यांच्या नोंदीसह, देवनागरीत, जसेच्या तसे लिहावेत. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात (१९०१ ते १९०८) स्थानिक नावे जागोजाग दिली होती. आजच्या नव्या जातीच्या शोधनिबंधांत मात्र स्थानिक नावाचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो. धागालेखकांनी आधी तो भरण्याचा आग्रह धरावा. त्याला कोणत्याही परिषदेच्या मतदानाची गरज नाही.