तुमच्या व्यवसायातलं काम एखाद्या संस्थेला मोफत करून दिलंय का? अनुभव लिहा

श्रमदान आपल्याला माहीत असतं, देणगीही माहीत असते, पण ज्या कामाचे आपण एरवी पैसे घेतो तेच काम एखाद्या सामाजिक संस्थेला फुकट करून देणं, ज्याला प्रो बोनो म्हणतात, त्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. वकिलांमध्ये हा शब्द जुना आहे, बाकी क्षेत्रांत आत्ता आत्ता कानावर यायला लागलाय. मला स्वतःला असं वाटतं की काम करून देणं सोपं आहे, आपण तिथून निघाल्यावर ते चालू राहणं अवघड आहे. म्हणून विनंती, काय केलंत, संस्थेला नेमकं काय हवं होतं, काय फसलं, तुम्ही निघून आल्यावर मागे काय उरलं ते सविस्तर लिहा. संस्थेत काम करणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

सुरुवात मीच करते. मी एचआरमध्ये आहे, पुण्यात. एका मुलींच्या वसतिगृहाला मदत करायची म्हणून गेले तेव्हा डोक्यात अप्रेझलचे, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाचे, फॉर्म वगैरे होते, लॅपटॉपवर तयार करूनच नेले होते. पहिल्याच बैठकीत स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी विचारलं, "ताई, मी इथे कामाला आहे असं लिहून मिळेल का?" एकोणीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जासाठी बँक नोकरीचा कागद मागत होती आणि तो नव्हताच, कुणाकडेच नव्हता. अप्रेझल तिथेच ठेवलं. चौदा जणांची नेमणूकपत्रं केली, मराठीत, एकेकाशी बसून, रजा किती, पगार कुठल्या तारखेला, आजारी पडलं तर काय. महिना गेला त्यात.

---

मी सीए आहे, सांगली जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. २०२१ मध्ये आयकराचा नियम बदलला आणि १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) असलेल्या सगळ्या संस्थांना परत नोंदणी करावी लागली. आमच्या ओळखीच्या एका जुन्या संस्थेच्या अध्यक्ष काकांना वाटत होतं ८०जी एकदा मिळालं की कायमचं. १०ए फॉर्म भरून दिला, अर्ध्या दिवसाचं काम. खरं काम पुढच्या वर्षी आलं. २०२१-२२ च्या देणग्यांपासून १०बीडी भरायला लागलं, म्हणजे प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, सगळं ३१ मे पर्यंत, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि त्यातूनच जे १०बीई प्रमाणपत्र निघतं ते नसेल तर देणगीदाराला वजावट मिळत नाही. आणि पावतीपुस्तकात काय लिहिलेलं? "पाटील सर, ५०१." "आईच्या स्मरणार्थ, १०००." काका वय वर्षं शहात्तर, भर उन्हात घरोघर जाऊन पॅन गोळा करत होते, मला बघवेना.

मग नवीन पावतीपुस्तकं छापून घेतली, पॅनसाठी दहा चौकटी आणि खाली मोबाईल नंबर. मी त्या संस्थेसाठी केलेल्या सगळ्या कामात सगळ्यात उपयोगी पडल्या त्या या दहा चौकटी, आता मे महिन्यात माझी गरजच लागत नाही. धर्मादाय कार्यालयातला बदल अर्जही असाच राहिलेला, दोन विश्वस्त वारले होते, कागदोपत्री अजून तेच. बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. अजून एक, माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवा, हिशोब लिहायला मी बसलो म्हणून ऑडिटवर सही मी केली नाही, त्यासाठी दुसऱ्या मित्राला गाठलं. फुकट करतोय म्हणून ते चालतं असं होत नाही.

---

वरचं वाचून राहवलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला, हिंजवडी. मेळघाटात, धारणी तालुक्यात आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी २०१८ मध्ये ॲप केलं, शनिवार-रविवार बसून चार महिने. गावातल्या कार्यकर्त्या टेपने लहान मुलांचा दंडघेर मोजतात, ११.५ सेंमीच्या खाली गेला तर मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. वहीत लिहायचं, मग तालुक्याला आणून एक्सेलमध्ये, मला वाटलं थेट फोनवर भरलं की झालं. रेंज नसते म्हणून ऑफलाइन चालेल असं केलं, रंग दिले, ग्राफ दिले, मी खूश.

तिथे गेल्यावर एका कार्यकर्तीने, कोरकू बाई, सातवीपर्यंत शिकलेल्या, फोन हातात घेऊन सांगितलं, भाऊ याच्यात पॉइंट जात नाही. मी ती चौकट पूर्णांकाची ठेवली होती. ११.८ चं मूल ११ म्हणून लाल यादीत जात होतं, आणि पंधरा दिवस खाऊपिऊ घालून ११.१ चा ११.४ झाला तर ॲपमध्ये जैसे थे, म्हणजे त्या बाईची पंधरा दिवसांची मेहनत माझ्या ॲपने पुसून टाकली होती. मला आजही आठवलं की पोटात कालवतं. दुसरी गोष्ट जन्मतारीख. मी ती कम्पल्सरी केली होती, त्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, आणि घरात उत्तर मिळायचं "होळीच्या आधीचा". मग आम्ही त्या कार्यकर्त्यांबरोबरच सणांवरून आणि पेरणी-कापणीवरून महिना ठरवायचा तक्ता केला, वहीवरच केला आधी, दोन महिने वहीवर चालवला, आणि मग तो ॲपमध्ये टाकला. दुसरं व्हर्जन चाललं. मी जो वेळ कोड लिहिण्यात घालवला त्याच्या आधी तीन दिवस त्यांच्याबरोबर घरोघर फिरलो असतो तर ते चार महिने वाया गेले नसते.

---

संस्थेच्या बाजूने लिहिते. आम्ही बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो, आईवडील कारखान्याला गेले की मुलं गावातच राहावीत, शाळा सुटू नये म्हणून. एका चांगल्या मुलाने आम्हाला वेबसाइट करून दिली, खरंच मनापासून केली होती, रात्री दोन-दोन वाजता फोटो मागायचा. पण डोमेन त्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. नोकरी बदलली, देश बदलला, नंबर बदलला, आणि एके दिवशी वेबसाइट उघडेना. मुदत संपली होती. आम्ही शोधाशोध करेपर्यंत ते नाव दुसऱ्या कुणी घेतलं. देणगीच्या पत्रकांवर, फलकावर, सगळीकडे तोच पत्ता छापलेला. त्याचा राग नाही हो, पण दोन वर्षं आम्ही पत्रकांवर स्टिकर चिकटवत होतो.

तेव्हापासून जो कुणी काही करून देतो त्याला मी आधी सांगते, खातं संस्थेच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड आमच्या कपाटातल्या रजिस्टरमध्ये तुमच्या हाताने लिहा. आणि एक, आमची धावपळ दिवाळीनंतर सुरू होते ती मार्चपर्यंत, आणि "आम्हाला काहीतरी करायचंय" असे फोन येतात ते नेमके तेव्हाच. जूनमध्ये या ना. जूनमध्ये माझ्याकडे बसायला वेळ असतो, चहाही नीट करून देईन.

---

न्यू जर्सीहून. माझ्या तालुक्यातल्या एका संस्थेसाठी इथल्या मित्रांकडून पैसे जमवायचे ठरवलं होतं. तिथल्या सरांनी हात जोडले, म्हणाले आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नाही. मला कळेना, आपलीच माणसं ना सगळी. मग समजलं, भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं तर ते परदेशी देणगीत मोजत नाहीत, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की आपण परदेशी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. आमच्या ग्रुपमधले निम्मे त्यातच, मी पण. आणि एफसीआरए मिळालं तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खातं उघडून तिथेच घ्यावा लागतो.

पैसे राहिले. पण मी इथे ग्रँट रायटिंग, म्हणजे निधी मागायचे प्रस्ताव लिहायचं काम, करते, तेच माझं पोटापाण्याचं काम. म्हणून आता दर रविवारी तिथली संध्याकाळ, इथली सकाळ, सर बोलतात आणि मी सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीचे, प्रस्ताव लिहिते. सर मराठीत "पोरं टिकतात" एवढंच म्हणतात, त्या दोन शब्दांमागचे आकडे काढायला कधीकधी तासभर लागतो. आता त्यांच्याकडची एक बी.ए. झालेली मुलगी कॉलवर बसते, मागचा प्रस्ताव तिने अर्धा स्वतः लिहिला.

---

वकील आहे, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस करते. सुरुवातीला एका महिला संस्थेच्या सगळ्या केसेस फुकट घ्यायचे, वर्षभरात दमले, तारखा चुकायला लागल्या. नंतर लक्षात आलं, विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून, वकील मिळायचा बाईला हक्कच आहे, १९८७ च्या कायद्यात स्त्रीसाठी उत्पन्नाची अटही नाही. मग माझा वेळ मी कार्यकर्त्यांना शिकवण्यात घालवला, घरगुती घटना अहवाल कसा भरायचा, "नेहमी मारतो" असं न लिहिता कुठल्या दिवशी, कशाने, तिथे कोण होतं, दवाखान्याचा कागद आहे का, हे कसं विचारायचं. आणि विचारताना बाईला परत परत तेच सांगायला लावायचं नाही हेही. आता त्या संस्थेतून येणारा अहवाल हातात घेतला की मला अर्जाचा मसुदा समोर दिसतो.

---

मी नुकताच बँकेतून रिटायर झालोय, अडतीस वर्षं, शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात. बचत गटांची खाती, केवायसीत अडकलेल्या संस्थांची खाती, सहीचे अधिकार बदलायचे ठराव, हे सगळं मी डोळे मिटून करून देऊ शकतो. सातारा, कराड, कोरेगाव या बाजूला कुणाला गरज असेल तर सांगा. बीडच्या ताई, जूनमध्ये तुमच्याकडेही येईन.