शब्दचर्चा : ‘प्रिंटर जोडा’ म्हणजे नक्की काय करायचं?

रेघोटी
मावशीने घरच्या संगणकासाठी प्रिंटर घेतला. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, ते मी तिला मराठीत उतरवून दिलं. तिला इंग्रजी येतं, पण यंत्राच्या सूचना मराठीत असल्या की हात कचरत नाही, असं ती म्हणते.

माझ्या मराठी पत्रकात दुसरी पायरी अशी होती : ‘प्रिंटर अजून संगणकाला जोडू नका.’ चौथी : ‘चालक बसवा.’ पाचवी : ‘आता प्रिंटर जोडा.’ सहावी : ‘यादीत प्रिंटर दिसत नसल्यास प्रिंटर जोडा.’

संध्याकाळी मावशीचा फोन. “अगं, हा चालक कोण? त्याला कुठे बसवायचा? आणि पाचव्यात जोडला तर सहाव्यात परत काय जोडू?” चौथी पायरी कळली नाही म्हणून तिने ती सोडून दिली होती. मग सहाव्या पायरीशी येऊन ती केबल काढून पुन्हा लावत बसली, चार वेळा. दर वेळी संगणकातून टुंग आवाज यायचा, त्यामुळे तिला वाटायचं की झालं. पान काही बाहेर येईना.

चूक तिची नाही, माझी आहे. इंग्रजीत या तीन क्रियांना तीन शब्द आहेत : कनेक्ट, इन्स्टॉल, अ‍ॅड. मी पहिल्या आणि तिसऱ्याला एकच ‘जोडणे’ वापरलं आणि मधल्या पायरीतल्या ‘ड्रायव्हर’ला, म्हणजे प्रिंटर चालवण्यासाठी संगणकात लागणाऱ्या सॉफ्टवेअरला, ‘चालक’ लिहून माणूस करून ठेवलं. या तीन क्रिया वाचताक्षणी वेगळ्या कळतील अशी तीन मराठी क्रियापदं कोणती?

जोडकाम
ओळखीपाळखीतले प्रिंटर मीच लावून देतो, त्यामुळे हा घोळ चांगला माहीत आहे. आधी तिथे होतं काय ते सांगतो.

केबल लावली की दोन यंत्रं तारेने एकमेकांना लागतात, बस. तो टुंग आवाज तेवढंच सांगतो की काहीतरी येऊन लागलंय. ते काय आहे आणि त्याच्याशी कसं बोलायचं, हे ड्रायव्हर नसेल तर संगणकाला ठाऊक नसतं. तिसरी गोष्ट म्हणजे संगणकाच्या यादीत प्रिंटरच्या नावाची नोंद. जुन्या माहितीपत्रकांत ‘आधी केबल लावू नका’ असं ठळक छापलेलं असायचं, कारण ड्रायव्हरच्या आधी केबल लागली की संगणक अंदाजाने भलतीच नोंद करून मोकळा व्हायचा आणि ती निपटत बसावं लागायचं.

म्हणून माझं मत : केबल लावा, ड्रायव्हर टाका, प्रिंटर नोंदवा. पहिली दोन क्रियापदं सगळ्यांच्या तोंडात आहेतच. ‘ड्रायव्हर टाकला का?’ असंच विचारतात, ‘बसवला का?’ असं मी तरी क्वचित ऐकलंय.

कानामात्रा
‘टाकणे’ला माझा ठाम विरोध आहे. टाकणे म्हणजे सोडून देणे. ‘टाकाऊ’, ‘टाकून बोलणे’, ‘वाळीत टाकणे’. जिथे तिथे ‘टाकणे’ घुसल्यामुळे ‘घालणे’, ‘ठेवणे’, ‘भरणे’, ‘लावणे’ ही नेमकी क्रियापदं आपल्या देखत चालली आहेत. प्रिंटरमध्ये कागद ‘टाका’ असं लिहिलेलं मी वाचलंय. कागद ट्रेमध्ये ठेवतात, किंवा घालतात.

आणि ‘चालक’ हा शब्द चुकलेला नाही. तो फक्त अनोळखी आहे.

जोडकाम
पण पत्र पेटीत टाकतो, खात्यात पैसे टाकतो, पाऊल टाकतो, नजर टाकतो. यांतलं काहीच आपण सोडून देत नाही. टाकणे म्हणजे हातातून पलीकडे पोचवणे हाही अर्थ पहिल्यापासून आहे. ड्रायव्हर टाकणे त्याच जातीचं.

अर्धविराम
मी अनुवादाचं काम करते. ‘बसवणे’ची बाजू मांडते, कारण हे क्रियापद फार गुणी आहे आणि इथे उगाच बदनाम झालं. फरशी बसवतात, दार बसवतात, अंगठीत खडा बसवतात, मेळ बसवतात, घडी बसवतात. सगळीकडे अर्थ एकच : जागच्या जागी असं ठेवायचं की पुन्हा हलू नये. इन्स्टॉल म्हणजे नेमकं हेच. रेघोटी, तुमच्या मावशीला ‘बसवा’ने नाही अडवलं, ‘चालक’ने अडवलं. चालकाला बसवा म्हटल्यावर समोर खुर्चीच येणार. ‘ड्रायव्हर बसवा’ लिहिलं असतं तरी चित्र तेच आलं असतं, कारण मराठीत ड्रायव्हर हाही आधी गाडीवरचा माणूसच.

‘प्रस्थापित करा’ मात्र कृपा करून कोणी सुचवू नका. प्रस्थापित होतात ते संबंध, सत्ता, रूढी.

खिळेजुळणी
विषयाला थोडा फाटा फोडतो. कानामात्रा यांनी मागे एका चर्चेत प्रिंटरला ‘मुद्रक’ म्हटलं होतं, ते मनात राहून गेलं होतं.

माझे वडील छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. अक्षरं उलटी, आणि ती ते सुलट्याइतकीच भरभर वाचायचे. घरी आले तरी अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांवर शिशाची करडी चमक असायची, साबणाने जायची नाही. आमच्या घरात ‘मुद्रक’ म्हणजे माणूस, ज्याचं नाव पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाच्या शेजारी छापतात. ज्या कामावर घर चाललं, त्या कामाचं नाव टेबलावरच्या डब्याला देणं मला जड जातं. त्याला प्रिंटर म्हणा ना. परका वाटेल, पण कुणाची जागा तरी घेणार नाही.

कानामात्रा
तुमच्या वडिलांच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. ‘-क’ प्रत्यय करणारा दाखवतो, मग तो माणूस असो वा वस्तू. बसमधला वाहक माणूस आहे आणि तांबं विजेचं सुवाहक आहे. कुणाचा गोंधळ होत नाही. ज्या यंत्रावर हे लिहितोय तो ‘संगणक’ तरी कोण? इंग्रजीतही कॉम्प्युटर म्हणजे आधी आकडेमोड करणारा माणूसच होता. तिथे माणसाची जागा यंत्राने घेतली आणि भाषा अडली नाही.

नवा शब्द सुरुवातीला कानाला टोचतोच. ‘दिनांक’ सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आला, आज प्रत्येक अर्जावर आहे. ‘महापौर’ही तसाच.

जोडकाम
आणि ‘दूरध्वनी’ही तिथलाच. तो पत्राच्या वरच्या कोपऱ्यात राहिला आणि बोलताना सगळे फोन म्हणाले. कागदावर टिकणं आणि तोंडात रुळणं या दोन गोष्टी आहेत. मावशी फोनवर बोलत होत्या.

दौतटाक
मूळ प्रश्नाकडे येतोच, पण कुणीच अजून ‘काडतूस’ काढलं नाही याचं नवल वाटतं.

शाईच्या कार्ट्रिजला आमच्याकडे काही जण ‘काडतूस’ म्हणत आणि मुलं हसत. हसण्यासारखं त्यात काही नाही, शब्द अगदी रास्त आहे. काडतूस आपल्याकडे पोर्तुगीजांच्या ‘कार्तुशु’वरून आलं, चावी आणि पगार आले त्याच वाटेने. त्याच्या मुळाशी इटालियन ‘कार्तोच्चो’, म्हणजे कागदाची पुंगळी, आणि त्याच्याही मागे ‘कार्ता’, म्हणजे चक्क कागद! बंदुकीची जुनी काडतुसं कागदाचीच असत. पुंगळीत दारू आणि गोळी. १८५७च्या ज्या काडतुसांबद्दल आपण शाळेत शिकलो ती दातांनी तोडायची, ती कागदाची होती म्हणूनच. म्हणजे शब्द कागदापासून निघाला, बंदुकीत गेला, आणि शाई घेऊन पुन्हा कागदापाशी आला. असा शब्द घरात असताना ‘शाईकोष’ वगैरे घडवायची गरजच काय?

‘शाई’चंही तसंच. फारसी ‘सियाह’ म्हणजे काळा, ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. मुळाला चिकटून राहिलो तर ‘निळी शाई’ म्हणताच येणार नाही, आणि ‘काळी शाई’ म्हणजे काळा काळेपणा. रंगीत प्रिंटरमध्ये काळ्याशेजारी आकाशी, किरमिजी आणि पिवळी भरतो आणि चौघींना शाईच म्हणतो. अर्थ पुढे निघून गेला, मूळ मागे राहिलं. कुणाचं बिघडलं?

अर्धविराम
दौतटाक, सुंदर. फक्त एक : लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. टोनर ही प्लास्टिकयुक्त बारीक भुकटी असते. आत जवळपास २०० अंशांच्या उष्णतेने ती वितळून कागदाला चिकटते, म्हणून ताजं पान हाताला गरम लागतं. तरी ‘शाई संपली’ असंच म्हणतात. एका पत्रकात मी ‘भुकटी’ लिहिलं होतं, ते तपासणाऱ्यांनी खोडून ‘शाई’ केलं. वाईट वाटलं होतं, कारण ती डबी उघडून सांडली तर काय करायचं ही सूचना शाईसाठी वेगळी आणि भुकटीसाठी वेगळी असते. भुकटी गरम पाण्याने पुसायची नाही, ती आणखी चिकटते.

खिळेजुळणी
काडतूस नपुंसकलिंगी, म्हणून ‘ते काडतूस, ती काडतुसं’. मग कार्ट्रिज? आमच्याकडे ‘ती कार्ट्रिज’. आणि बाटलीने शाई ओतायच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काडतूस नाहीच, त्याचं काय करायचं?

रेघोटी
काडतूस मनापासून आवडलं. पण माझी चौथी पायरी तशीच आहे! चालक नको, ड्रायव्हरनेही मावशीपुढे गाडीच येते. मग काय लिहू?

दौतटाक
तो काय काम करतो त्यावरून नाव द्या. संगणकातलं पान प्रिंटरला जसंच्या तसं कळत नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या भाषा असतात. पोस्टस्क्रिप्ट १९८४पासून आहे, पीसीएलही त्याच वर्षाची. ड्रायव्हर एकीकडून पान घेतो आणि पलीकडच्या भाषेत सांगतो. याला मराठीत जुना, खणखणीत शब्द आहे : दुभाषा.

जोडकाम
हे पटलं! चुकीचा ड्रायव्हर पडला की प्रिंटर पानामागून पान अगम्य खुणा छापत सुटतो, ते दृश्य मी पाहिलंय. भलत्या भाषेचा दुभाषा बसवल्यावर दुसरं काय होणार? आणि हल्लीच्या बऱ्याच प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. अ‍ॅपलचं एअरप्रिंट २०१० साली आलं, तेव्हापासून त्यांच्या फोनवरून थेट छापता येतं. दोघांना एक भाषा येत असली की मधला दुभाषा कशाला?

कानामात्रा
दुभाषा हाही माणूसच ना? मघाशी चालक माणूस आहे म्हणून नको होता. शिवाय ‘दुभाषा’ लिहिलं आणि पडद्यावर ‘ड्रायव्हर’ दिसलं तर वाचणाऱ्याने ताळा कसा घ्यायचा? पडद्यावरचा शब्द पत्रकात एकदा तरी यायलाच हवा. हे मी, शुद्ध मराठीचा आग्रह धरणारा, म्हणतोय, कारण पत्रक उपयोगासाठी असतं.

अर्धविराम
ही अडचण खरी आहे. मी पहिल्यांदा दोन्ही देते : ‘ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा’. पुढे नुसतं ड्रायव्हर.

आता ‘डीफॉल्ट प्रिंटर’ आलाच समजा. ‘मूलनिर्धारित’, ‘पूर्वनिर्धारित’ हे दोन्ही मी वापरले आहेत आणि दोन्हींचा पश्चात्ताप आहे. ‘नेहमीचा प्रिंटर’ म्हणा. वाचताच कळतं.

जोडकाम
तिथेही मेख आहे. विंडोजमध्ये नेहमीचा प्रिंटर संगणकानेच ठरवायची एक सोय असते. ती चालू असली तर शेवटी जो वापरला तो ‘नेहमीचा’ होतो. एकदा कुणी पीडीएफ करून ठेवलं की पुढच्या वेळी कागदाऐवजी फाइलचं नाव विचारलं जातं, आणि माणूस प्रिंटर बिघडला म्हणून फोन करतो. त्याला ‘नेहमीचा’ कसं म्हणायचं? तो तर ‘मघाचा’.

खिळेजुळणी
मला वेगळंच सुचतंय. घरी आपण ‘छाप’ म्हणतच नाही. ‘एक प्रिंट काढ’ म्हणतो. छापणे म्हणजे पुष्कळ प्रती, पुस्तक, पत्रिका. एका पानाला ‘काढणे’. फोटो काढतो, चित्र काढतो, रांगोळी काढतो, झेरॉक्स काढतो. आत किंवा मनात असलेलं दिसेल असं बाहेर आणायचं असलं की मराठी माणूस ‘काढतो’. प्रिंटरने हे क्रियापद आपल्याकडून मुकाट्याने घेतलं, कुणी घडवून दिलं नाही. आणि ‘प्रिंट’ स्त्रीलिंगी झाली ती बहुधा ‘प्रत’मुळे.

कानामात्रा
‘प्रत काढा’ म्हणता येतं की मग!

जोडकाम
आमच्याकडे ‘प्रिंट आला’ म्हणतात. पुल्लिंगी.

अर्धविराम
‘आला’? प्रिंटआउट आला असेल. प्रिंट आली.

रेघोटी
सगळ्यांचे आभार. काल मावशीला नवं पत्रक वाचून दाखवलं. चौथी पायरी अर्धविराम यांनी सांगितली तशी, दुभाष्यासह ड्रायव्हर बसवा. पाचवी ‘केबल लावा’ अशी वाचली, तर ती मधेच म्हणाली, “लावा काय, खोचा म्हण. पिन खोचतात.” इतका वेळ हा शब्द आपल्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, तिच्या तोंडात तयार होता. पाचवीत ‘केबल खोचा’ झालं. ड्रायव्हर बसल्यावर तिने केबल खोचली, टुंग वाजलं, आणि या वेळी यादीत नाव आपोआप आलं. चाचणीचं पान काढलं, ते माझ्याशी बोलता बोलताच बाहेर पडलं, तो घरघर आवाज मला फोनवर ऐकू आला.

सहाव्या पायरीची गरजच पडली नाही, त्यामुळे ‘नोंदवा’ चालतं का, हे मात्र तिच्यावर ताडून पाहायचं राहिलं. मला धास्ती एवढीच की खोक्यात प्रिंटर कंपनीकडे नोंदवायचं एक कार्डही असतं, आणि तिथेही ‘नोंदवा’च लिहावं लागतं.

दौतटाक
कार्डही ‘कार्ता’चंच, बरं का.

जोडकाम
मग ‘यादीत घ्या’?

कानामात्रा
‘घ्या’ने विकत घ्या असं वाटेल. ‘यादीत घाला’.

खिळेजुळणी
आणि वायफायचा प्रिंटर असला तर खोचायचं काय? आमच्याकडे ‘प्रिंटरने वायफाय पकडलं’ म्हणतात.