सफरचंद नेमकं कुठलं आणि कधी घ्यायचं? माझ्या नशिबी कायम भुसाच

खादाड_कोथरूडकर
मंडळी, जरा मदत करा. परवा २४० रुपये किलोनं सफरचंदं आणली, दिसायला एकदम चकाचक, लालभडक, कॅलेंडरवर छापल्यासारखी, आणि घरी येऊन चावा घेतला तर ओला भुसा. फळवाल्याला विचारलं होतं मी आधी, तो छातीठोकपणे म्हणाला "किन्नोर आहे साहेब". आता जूनमध्ये किन्नोर (म्हणजे हिमाचलमधल्या किन्नोरचं सफरचंद) असतं का नसतं मला काय माहिती. बायको म्हणाली तुला फक्त आंबा कळतो, ते खरंच आहे म्हणा, म्हणजे हापूस कधी, पायरी कशाला, पहिल्या पावसानंतर काय घ्यायचं नाही हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. सफरचंद मात्र लाल दिसलं की घ्यायचं आणि आजारी माणसाला नेऊन द्यायचं, एवढंच. तर नुसतं खायला (ज्यूस, सॅलड नको) तुमचं आवडतं सफरचंद कुठलं आणि ते कुठल्या महिन्यात चांगलं लागतं? मला करकरीत पाहिजे, चावल्यावर आवाज आला पाहिजे.

सांगला_रिटर्न
दादा, जूनमध्ये किन्नोर म्हणजे दिवाळीत हापूस. मी चार वर्षं किन्नोरला जलविद्युत प्रकल्पावर नोकरीला होतो म्हणून अधिकारवाणीनं सांगतो. तिकडची तोडणी सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते आणि वरच्या गावांत ऑक्टोबर संपेपर्यंत चालते. सांगला साधारण २,७०० मीटर उंचीवर आहे, दिवसा कडक ऊन आणि रात्री हातमोजे घालावे लागतील अशी थंडी, त्यानं रंगही चढतो आणि फळ घट्टही राहतं. शिमल्याच्या खालच्या पट्ट्यातला माल जुलै-ऑगस्टलाच उतरतो. सगळ्यात आधी टायडमन म्हणून एक येतं, आंबटसर, मऊ, चार दिवसांत बसतं. मग रॉयल डिलिशियस, गाला. किन्नोर सगळ्यात शेवटी.

आमच्या घरमालकांची बाग होती. ऑक्टोबरमध्ये ते एखादं फळ आडवं कापून दाखवायचे, बियांच्या भोवती काचेसारखा पारदर्शक भाग दिसायचा, ओला तेलकट कागद असतो ना तसा. मला पहिल्यांदा वाटलं सडलंय. ते हसले आणि म्हणाले खाऊन बघ. इतकं गोड सफरचंद मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. त्याला वॉटर कोर म्हणतात, झाडावर पूर्ण पिकू दिलं की पेशींच्या मधल्या फटीत गोड रस भरतो. पण असलं फळ टिकत नाही, आतून तपकिरी पडतं, म्हणून व्यापारी नाक मुरडतात. म्हणजे सगळ्यात चांगलं फळ बागेतच खाऊन संपतं, पुण्यात काय येणार.

जाता जाता, हिमाचलमध्ये गोड लाल सफरचंद आणलं ते कोटगढच्या सॅम्युअल स्टोक्सनी, १९१६ च्या सुमारास. अमेरिकेतून आलेला माणूस, पुढे सत्यानंद झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. त्याआधी तिकडे इंग्रजांनी लावलेली आंबट जातच जास्त होती.

गाळा_नंबर_सांगणार_नाही
आमचा वाशी मार्केटला फळांचा धंदा आहे, वडिलांपासून. किन्नोर म्हणणाऱ्या फळवाल्यावर रागवू नका, त्यालाही कोणीतरी तेच सांगून विकलेलं असतं 😄

भुसा का होतो ते सांगतो. सफरचंद तोडल्यावरही पिकत राहतं. तोडताना त्यात बराच स्टार्च असतो, त्याची हळूहळू साखर होते, म्हणून काही जाती तोडल्यावर थोडे दिवस ठेवून जास्त गोड लागतात. पण त्याच वेळी पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळत असतं. एकदा ते सुटलं की चावल्यावर पेशी फुटत नाहीत, नुसत्या वेगळ्या होतात, रस आतच राहतो आणि तोंडात पीठ. डिलिशियसला ही खोड फार. काश्मीरचा माल सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरतो, त्यातला बराच सीए स्टोअरमध्ये (हवा नियंत्रित केलेल्या शीतगृहात) जातो, तिथं ऑक्सिजन अगदी दोन-तीन टक्क्यांवर आणून फळाला झोपवतात, मग तो पार उन्हाळ्यापर्यंत थोडा थोडा बाहेर काढतात. आत असतो तोवर ठीक. बाहेर येऊन हातगाडीवर तीन दिवस उन्हात उभा राहिला की झोप एकदम उडते. तुमचं परवाचं त्यातलंच दिसतंय, आठ महिन्यांपूर्वी तोडलेलं.

माझा हिशोब असा: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हिमाचल, ऑक्टोबर ते डिसेंबर काश्मीर आणि किन्नोर, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालवून घ्यायचं. एप्रिल ते जून देशी डिलिशियसच्या वाटेला जायचं नाही. त्या वेळी न्यूझीलंड किंवा चिलीचा गाला घ्या, तिकडे ऋतू उलटा असल्यामुळे त्यांची तोडणी फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे तोच त्यातल्या त्यात ताजा. महाग आहे, मान्य.

घेताना लाल रंग बघू नका. देठाजवळचा खड्डा बघा, तिथं लालीच्या मागचा रंग हिरवट असेल तर कच्चं, फिकट पिवळसर असेल तर बरोबर, गडद पिवळा असेल तर सोडून द्या. हातात वजन लागलं पाहिजे. आणि घरी नेऊन फळांच्या टोपलीत केळ्यांशेजारी ठेवू नका हो, पिशवीत घालून सरळ फ्रिजमध्ये.

केंटची_वहिनी
इकडे इंग्लंडमध्ये आल्यावर मला कळलं की सफरचंदालाही आंब्यासारखा सीझन असतो, आणि लोक त्यावर भांडतातही. ऑगस्टमध्ये डिस्कव्हरी येतं, ते झाडावरून तोडून तिथल्या तिथे खायचं, आठवड्यात त्याची मजा संपते. कॉक्स सप्टेंबरला उतरवतात पण शेजारच्या आजी म्हणतात ऑक्टोबर मध्याच्या आत हात लावायचा नाही, ठेवल्यावर त्याला वास सुटतो. माझं आवडतं मात्र एग्रमाँट रसेट. साल अगदी चिकूसारखी, तपकिरी खरखरीत, पहिल्यांदा मी ते खराब समजून बाजूला काढलं होतं 🙈 चव थोडी सुक्यामेव्याकडे झुकणारी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीजबरोबर काय लागतं! इथे ब्रॉगडेलला फळझाडांचा राष्ट्रीय संग्रह आहे, सफरचंदाच्याच दोन हजारांवर जाती आहेत. आणि सुपरमार्केटमध्ये बाराही महिने तीच पाच-सहा. सासूबाई आल्या होत्या तेव्हा हौसेनं रसेट दिलं, त्या म्हणाल्या, "पेरू बरा."

भुसावादी
इथे सगळे करकरीत-करकरीत करतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. आमच्या आजीला दात नव्हते, तिला भुसभुशीतच लागायचं. सफरचंद अर्धं कापून ती वाटीसारखं हातात धरायची आणि चमच्यानं खरवडत बसायची, शेवटी नुसती सालीची टोपी उरायची. ती आम्ही मुलं खायचो. त्यासाठी पिवळं गोल्डन, थोडं सुरकुतलेलं, यासारखं दुसरं नाही आणि ते बऱ्याचदा स्वस्तात मिळतं. तापातून उठल्यावर मला अजूनही तेच लागतं, तुमचा गाला तुम्हाला लखलाभ.

बाकी जूनमध्ये ताजं पाहिजे असेल तर एचआरएमएन ९९ शोधा. हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी तयार केलेली, कमी थंडीत येणारी जात, नाशिक-नगरकडे काहींनी लावलीये. ओळखीच्या शेतकऱ्याकडे खाल्लं, ताजेपणा एक नंबर, गोडी यथातथा. झाडावरून तोडलेलं सफरचंद महाराष्ट्रात खाल्लं याचंच अप्रूप जास्त.

खादाड_कोथरूडकर
सगळ्यांचे आभार. काल देठाजवळचा खड्डा बघायला गेलो तर फळवाला म्हणाला, काय साहेब, सोनं घेताय का. चार गाला आणले, दोन खाल्ले, आवाज आला!! परवाचा भुसा अजून दीड किलो शिल्लक आहे, भुसावादी, तुमच्या पद्धतीनं चमचा घेऊन बसलोय. वाईट नाही हो. सांगला_रिटर्न, ऑक्टोबरमध्ये त्या घरमालकांकडून एक पेटी मागवता येईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

सांगला_रिटर्न
बघतो विचारून. पण २० किलोची पेटी असते, आधी बायकोला विचारा.