‘सेंड’ हा आदेश ईमेलच्याच मानकात होता

ईमेल आणि तत्काळ संदेशांची मानके एकमेकांशी काही संबंध न ठेवता वाढली, असे वरच्या प्रतिसादात म्हटले आहे. ते मला पटत नाही. १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज), म्हणजे ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपी या नियमावलीच्या मूळ मानकात, नेहमीच्या ‘मेल’ आदेशाशेजारी ‘सेंड’ हा ऐच्छिक आदेशही होता आणि समोरची व्यक्ती लॉगिन असल्यास संदेश टपालपेटीत न टाकता थेट तिच्या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, उमटवणे, हे त्याचे काम होते. ‘एसओएमएल’ (‘सेंड ऑर मेल’) या आदेशात तर ती हजर असेल तर पडद्यावर, नसेल तर पेटीत, अशी सोय होती. हे आदेश फारच थोड्यांनी राबवले आणि २००१ मध्ये आरएफसी २८२१ ने ते मोडीत काढले.

तत्काळ संदेशांच्या एक्सएमपीपी या मानकाने (आरएफसी ३९२०, २००४) पत्त्याची घडण ईमेलचीच ठेवली: नाव, ॲट चिन्ह, डोमेन. ईमेलचा सर्व्हर डीएनएसमधील (डोमेन नावांच्या इंटरनेटवरील नोंदवहीतील) ‘एमएक्स’ प्रकारच्या नोंदीवरून सापडतो, तर इथे ‘एसआरव्ही’ प्रकारच्या नोंदीवरून. खरा फरक आहे तो हजेरीत. कोण ऑनलाइन आहे हे कळवत राहण्यासाठी जोडणी उघडी ठेवावी लागते. एसएमटीपीला पत्र पुढच्या सर्व्हरच्या हवाली केले की सुटका मिळते. शिवाय एक्सएमपीपीच्या ‘डायलबॅक’ या पद्धतीत संदेश घेणारा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या डोमेनकडे उलट विचारणा करून खात्री करतो. ईमेलला असे शहाणपण एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्याचे डोमेन पडताळणाऱ्या पद्धतींच्या रूपाने फार उशिरा आले, तेही स्पॅमने पुरते बेजार केल्यावर.