अनुभव धागा: जुन्या व्हॅनचा गिअरबॉक्स आणि आपण

आमच्याकडे १९९१ सालची मारुती व्हॅन आहे, चार गिअरची. गेल्या पावसाळ्यात दुसरा गिअर पडेनासा झाला. दोन गॅरेजांत गाडी न चालवताच निकाल मिळाला, "बॉक्स खोलावा लागेल." तिसऱ्या ठिकाणच्या मिस्त्रींनी मला शेजारी बसवून एक चक्कर मारली, मग गाडीखाली शिरले आणि लिव्हरकडून बॉक्सकडे जाणारी दांडी हलवून दाखवली. तिचा बुश (सांध्यातलं गोल अस्तर) झिजून अंड्यासारखा लांबट झाला होता. लिव्हर पूर्ण सरकायची, पण पुढे दांडी अर्धीच फिरायची. बुश बदलले आणि संध्याकाळी गाडी घरी आली. बॉक्सला हातही लावावा लागला नाही.

खरं सांगते, त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. बाबांनी मला चालवायला शिकवलेली गाडी आहे ती. तुमच्या व्हॅनचं काय झालं, ओळखलं कसं, काय केलं, सविस्तर लिहा. कुणाची तरी गाडी भंगारात जायची वाचेल.

घाटवाट, नाशिक

आमची मॅटाडोर. बजाज टेम्पोने आकुर्डीत १९६९ पासून काढलेल्या गाड्यांपैकी, आमची १९८६ ची. वडील शाळेची मुलं न्यायचे आणि चैत्रात वणीच्या गडाला भाडी मारायचे.

तिचा तिसरा गिअर उडायचा. चढाला कधीच नाही, उतारालाच. कसाऱ्याला उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की 'खट्' आवाज होऊन लिव्हर न्यूट्रलला. भरलेली गाडी, इंजिनाची अडवणूक संपलेली आणि सगळा भार ब्रेकवर. वडील डाव्या हाताने लिव्हर दाबून धरून घाट उतरायचे. मी दहा वर्षांचा होतो. त्यांच्या मनगटावरची फुगलेली शीर अजून दिसते.

नाशिकच्या द्वारका सर्कलजवळच्या मिस्त्रीकाकांनी कारण सांगितलं. गिअर जागेवर राहतो तो दांडीच्या खाचेत बसणाऱ्या एका छोट्या गोळीमुळे, आणि ती गोळी मागून दाबते स्प्रिंग. त्यांनी जुनी आणि नवी स्प्रिंग तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. जुनी नवीपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी आखूड! पण नुसत्या स्प्रिंगने भागलं नाही. हाताने लिव्हर दाबून धरल्याने आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) स्लीव्हला (गिअर शाफ्टशी जोडणाऱ्या दातेरी कड्याला) सतत घासून झिजला होता, आणि स्लीव्हच्या दातांच्या कडा गोल झाल्या होत्या. गिअर, स्लीव्ह, फोर्क तिन्ही बदलले. काका म्हणाले, "जोडीने झिजलेलं जोडीनेच बदलायचं. एक नवा टाकलास तर जुना त्याला खाईल."

कुणाचा गिअर उडत असेल तर हात जोडून विनंती, लिव्हर धरून गाडी चालवू नका. आधी इंजिन आणि बॉक्सची माउंटिंग रबरंही बघा. ती दबून बसली असली तरी झटक्याला गिअर सुटतो.

लाल_ओम्नी, रत्नागिरी

आंबा घाटात क्लच केबल तुटली. रात्रीचे नऊ, आई मागे झोपलेली. इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकला आणि चावी फिरवली. गाडी उड्या मारत निघाली आणि चालू झाली. पुढे क्लचशिवाय गिअर. ॲक्सिलरेटर सोडून लिव्हर अलगद न्यूट्रलला आणायची, इंजिनाचा आवाज जरा उतरू द्यायचा, आणि दुसऱ्या गिअरच्या तोंडाशी नुसता बोटांचा दाब ठेवायचा. वेग जुळला की गिअर आपोआप आत जातो. जोर केलात तर दात गेलेच समजा. साखरप्यापर्यंत असे आलो. तेव्हापासून सीटखाली एक जादा केबल असतेच.

बुलीवाला, हानोवर

माझी १९७४ ची फोक्सवॅगन, इथे लाडाने 'बुली' म्हणतात. १९५६ पासून ही गाडी याच शहरात बनू लागली, त्यामुळे जुने जाणकार अजून भेटतात.

इंजिन आणि बॉक्स मागे, लिव्हर पुढे, मध्ये अख्ख्या गाडीच्या लांबीची दांडी. बुश आणि मागचा कपलर (दांडी बॉक्सला जोडणारा सांधा) झिजला की लिव्हर ढवळल्यासारखी फिरते. ते मी बदललं. माझा खरा घोळ तेलाचा. आधीच्या एका गॅरेजात जीएल-५ दर्जाचं (गिअर तेलाची एक प्रत) तेल भरलं होतं. दर्जा वरचा म्हणून मीही खूश. थंडीत दुसरा गिअर कुरकुरू लागला, तेल काढलं तर उन्हात सोनेरी चमक. सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा झिजत होत्या. त्या तेलातली गंधकयुक्त द्रव्यं काही जुन्या बॉक्सांतल्या पितळेला सोसत नाहीत. आता जीएल-४. जुन्या गाडीचं तेल भरताना पुस्तिकेत लिहिलेला दर्जाच भरा, त्याच्या वरचा नको.

पावाची_गाडी, म्हापसा

आमची बेकरीची व्हॅन पहाटे चारला निघते, तेव्हा सगळे आवाज स्वच्छ ऐकू येतात. मामांनी शिकवलेली खूण सांगते. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबला की बंद, तर बहुतेक बॉक्सचं पुढचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. पाय सोडताना खालून 'टक्', तर चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस (सांधा). मी तीनदा ताडून पाहिलंय, तिन्ही वेळा बरोबर.

कृष्णाकाठ, सांगली

मी वरचं सगळं केलं. बुश नवे, तेल बरोबर, केबल नवी. तरी तिसरा ओरडतो. शेवटी परवा बॉक्स उतरवला. सोप्यात वर्तमानपत्रावर सगळे गिअर ओळीने मांडलेत, तिसऱ्याचे दोन दात अर्धे गेलेत. १९८९ ची व्हॅन, चार गिअरचा बॉक्स. पाच गिअरचा अख्खा बॉक्स बसवून देतो असं एक जण म्हणतोय, पण बायको आणि मी, दोघांनाही तिचा मूळचाच हवाय. चांगल्या दातांचा तिसरा गिअर आणि त्याच्याशी दात जुळणारा काउंटर गिअर कुणाकडे पडून असेल तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.